टी पेशी कशा घडतात, आणि त्यांचं टी पेशी होणं कधी ठरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात बीएस्सीच्या वर्गाला इम्युनॉलॉजी शिकवताना आणि कोरेगाव, पाटण, मेढ्याकडच्या ज्युनियर कॉलेजांत व्याख्यानाला गेल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे मुलांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे. सगळ्यांत जास्त जागा एकाच प्रश्नाला दिली आहे, कारण पाठ्यपुस्तकं तो एका ओळीत उरकतात: कुठलीही रक्तपेशी होऊ शकणारी पेशी टी पेशीच होणार, हे कधी आणि कसं ठरतं?

टी पेशी म्हणजे नेमकं काय?

पांढऱ्या रक्तपेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा गट आहे, टी पेशी त्यातल्या. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर दाखवत असते. विषाणू शिरला की त्याचेही तुकडे तिथे दिसू लागतात. टी पेशी आपल्या रिसेप्टरने, म्हणजे पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाने, हे तुकडे तपासते. सीडी४ आणि सीडी८ ही टी पेशींवरच्या दोन प्रथिनांची नावं, त्यांवरून गट ओळखतात. सीडी८ टी पेशी बाधित पेशीला मारतात, सीडी४ टी पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना आणि इतरांना कामाला लावतात, आणि नियामक टी पेशी या सगळ्याला आवर घालतात. एचआयव्ही सीडी४ पेशी नष्ट करत जातो आणि उपचार नसतील तर शेवटी साध्या जंतूंनीही माणूस दगावतो. या पेशींवर किती अवलंबून आहे, ते यावरून कळतं.

त्या हाडात तयार होतात की थायमसमध्ये?

नीटची तयारी करणारी मुलं इथे हमखास अडखळतात. सगळ्या रक्तपेशी ज्यांतून बनतात त्या मूळपेशी हाडातल्या अस्थिमज्जेत असतात. तिथून काही पूर्वज पेशी रक्तात उतरतात आणि छातीतल्या थायमस या अवयवात शिरतात. थायमसमध्ये शिरताना त्या टी पेशी नसतात, बाहेर पडताना असतात. परीक्षेत ‘उगम अस्थिमज्जेत, परिपक्वता थायमसमध्ये’ असं लिहा, गुण मिळतील. पण ‘परिपक्वता’ म्हटलं की पेशी आधीच टी होती आणि तिथे फक्त मोठी झाली असं वाटतं. तसं नाही. टी पेशी ही तिची ओळखच थायमसमध्ये ठरते. थायमसमध्ये स्वतःच्या दीर्घायुषी मूळपेशी नसल्यामुळे अस्थिमज्जेतून नव्या पूर्वज पेशी येत राहाव्या लागतात.

थायमस कुठे असतो? बघायला मिळेल का?

माणसात छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर. तो बघायला मिळणं अवघड, पण कोंबडीचा सहज मिळतो. ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांची असतानाच विकली जाते, आणि त्या वयात तिचा थायमस चांगला भरलेला असतो. चिकनच्या दुकानात मानेची कातडी जरा हळू सोलायला सांगा. मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या शिरेला लागून, फिकट गुलाबी-पिवळसर चपट्या गाठींची रांग दिसते. एकेका बाजूला साधारण सात. तोच थायमस. जून गावठी कोंबडी घेतली तर तो आटलेला असतो, हे आधी लक्षात घ्या.

एका गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर हलकेच दाबून पसरवा, वाळू द्या आणि लीशमन हा रक्तपेशी बघायला वापरतात तो रंग द्या. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या गोल केंद्रकांची नुसती दाटी दिसते. प्रत्येक केंद्रकाभोवती पेशीद्रवाची बारीकशी कड. यातल्या बहुतेक पेशी शरीरात कधीच पोचणार नव्हत्या. का, ते पुढे येईलच. हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा.

थायमसचं काम कधी कळलं?

आश्चर्य वाटेल इतकं उशिरा. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिलांचा थायमस त्यांनी काढला. पिलांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट घटल्या, ती संसर्गाला बळी पडू लागली, आणि परक्या उंदराची त्वचा लावली तर ती नाकारेनात. प्रौढ उंदराचा थायमस काढून मात्र फारसं काही होत नव्हतं, म्हणूनच तोवर हा अवयव निरुपयोगी समजला जात होता. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर यांनी कोंबड्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की लिम्फोसाइटच्या दोन वेगळ्या शाखा आहेत: एक थायमसवर अवलंबून, दुसरी शेपटीकडच्या बर्सा नावाच्या पिशवीवर. टी आणि बी ही अक्षरं तिथून आली. २०१९ मध्ये दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

थायमसमध्ये येणारी पेशी आधीच टी व्हायला निघालेली असते का?

नाही. तिचा कल त्या बाजूला असतो, पण पर्याय बरेच खुले असतात. तीच पेशी बाहेर काढून वेगळ्या वातावरणात वाढवली तर डेंड्रायटिक पेशी, नैसर्गिक मारक पेशी, मॅक्रोफेज अशा दुसऱ्या संरक्षक पेशींपैकी काहीही होऊ शकते. थायमसमध्ये तिला टीच्या दिशेने नेणारा संकेत नॉच या मार्गाने मिळतो. थायमसच्या अस्तरपेशींवर डीएलएल४ नावाचं प्रथिन असतं. येणाऱ्या पेशीवरचा नॉच-१ रिसेप्टर त्याला टेकतो, कापला जातो, आणि त्याचा आतला तुकडा थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो.

याचे पुरावे १९९९ मध्ये दोन बाजूंनी आले. एका गटाने पूर्वज पेशींतून नॉच-१ काढून टाकला. थायमसमध्ये टी पेशी झाल्या नाहीत, त्याऐवजी बी पेशी दिसू लागल्या. दुसऱ्या गटाने पूर्वज पेशींमध्ये नॉच-१ सतत चालू ठेवला, तर अस्थिमज्जेतच, थायमसशिवाय, टी पेशी वाढू लागल्या. २००२ मध्ये टोरांटोच्या प्रयोगशाळेने नॉचला जागवणारं डीएलएल१ हे प्रथिन असलेल्या पेशींचा थर बशीत वाढवला आणि त्यावर मूळपेशींपासून टी पेशींच्या सुरुवातीच्या अवस्था घडवल्या. एका अवयवाचं इतकं मोठं काम एका संकेतावर येऊन ठेपतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग नक्की कुठल्या क्षणी ठरतं?

एका क्षणी ठरत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न इतका रंजक आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. जुन्या महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात असं मानतात. माथ्यावर पडलेलं पावसाचं पाणी पूर्वेच्या उताराला लागलं तर वाई, सांगली करत बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेच्या उताराला लागलं तर सावित्रीतून अरबी समुद्राला. माथ्यावर चार पावलांचा फरक, पण वाईच्या घाटावर पोचलेलं पाणी काही केल्या कोकणात उतरत नाही. पेशीचंही तसंच. फरक एवढाच की पाण्याला नुसता उतार असतो. पेशीत मात्र दोन्ही बाजूंची जनुकं काही काळ एकाच वेळी चालू असतात, आणि उतार ती स्वतःच घडवत जाते.

उंदरात हा टप्पा नीट मोजलेला आहे. सुरुवातीच्या पेशींवर सीडी४ नसतो, सीडी८ही नसतो, म्हणून त्यांना डबल निगेटिव्ह किंवा डीएन म्हणतात. त्या डीएन१, डीएन२ए, डीएन२बी, डीएन३ अशा पायऱ्यांनी जातात. डीएन१ मध्ये नॉचच्या संकेताने टीसीएफ-१ आणि गाटा-३ ही दोन नियंत्रक प्रथिनं वाढू लागतात. पण पीयू.१ हे जुनं प्रथिन अजून जोरात असतं, आणि ते पेशीला मॅक्रोफेज किंवा डेंड्रायटिककडे नेऊ शकतं. या अवस्थेत नॉच काढून घेतला तर पेशी खरोखरच तिकडे वळते. नॉच असताना तेच पीयू.१ निमूटपणे पूर्वज पेशींची संख्या वाढायला मदत करतं. विरुद्ध बाजूचं प्रथिन टी पेशींच्याच उपयोगी पडतं, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो.

वळण येतं डीएन२ए आणि डीएन२बीच्या मध्ये. तिथे बीसीएल११बी हे जनुक पहिल्यांदा चालू होतं, पीयू.१ खाली जातं, आणि इथून पुढे नॉच काढला तरी पेशी मॅक्रोफेज किंवा डेंड्रायटिक होत नाही. २०१० मध्ये तीन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी प्रसिद्ध केलं: बीसीएल११बी नसेल तर पेशी वळणाआधीच अडकतात आणि इतर पर्याय सोडायला तयार होत नाहीत. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. टी पेशी होणं म्हणजे नुसतं नवं जनुक मिळवणं नाही. जे होता आलं असतं ते सोडून देणं, हा त्यातला अर्धा भाग आहे, आणि त्यासाठी पेशीला वेगळी यंत्रणा लागते.

यापुढचा एक प्रयोग मी वर्गात सावकाश सांगतो. प्रत्येक पेशीत बीसीएल११बीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या संशोधकांनी असा उंदीर तयार केला की एक प्रत चालू झाली तर पेशी पिवळी चमकावी आणि दुसरी चालू झाली तर लाल. एकाच पेशीत तीच प्रथिनं, तेच संकेत, म्हणजे दोन्ही रंग एकदमच दिसायला हवेत. तसं झालं नाही. कित्येक पेशींत एक रंग आधी आला आणि दुसरी प्रत कित्येक दिवस बंदच राहिली. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्थ असा की सगळे नियंत्रक हजर असूनही डीएनएची घट्ट गुंडाळी उलगडायला वेळ लागतो, आणि प्रत्येक प्रतीची वेळ काहीशी योगायोगाने ठरते. या दिरंगाईत पेशी विभागत राहते, त्यामुळे वळण घेण्याआधी एका पूर्वज पेशीच्या पुष्कळ पेशी झालेल्या असतात.

एकदा ठरलं की परत फिरता येतं का?

नैसर्गिकरीत्या सहसा नाही, प्रयोगशाळेत हो. २०१० च्या त्या कामांपैकी एकात, वळण घेऊन झालेल्या टी पेशींतून बीसीएल११बी काढून टाकल्यावर त्या नैसर्गिक मारक पेशींसारख्या दिसू आणि वागू लागल्या. म्हणजे हा निर्णय एकदा होऊन संपत नाही, तो रोज टिकवावा लागतो. माणसातही हे जनुक तितकंच गरजेचं आहे. बीसीएल११बीमधल्या बदलामुळे टी पेशी जवळजवळ नसलेलं एक बाळ २०१६ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलं.

इतके वेगवेगळे रिसेप्टर थोड्याशा जनुकांतून कसे बनतात?

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि रिसेप्टरचे प्रकार कोट्यवधी. उत्तर असं की रिसेप्टरचं जनुक तयार मिळत नाही. त्याचे सुटे तुकडे डीएनएत असतात. वळण घेतलेल्या पेशीत रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं ते कापतात आणि तुकडे नव्या जुळणीने जोडले जातात. जोडताना मध्ये काही अक्षरं अंदाधुंद वाढतात, काही गळतात, त्यामुळे विविधता आणखी फुगते. ही पद्धत सुसुमु टोनेगावा यांनी अँटिबॉडीच्या जनुकांत शोधली, १९८७ चं नोबेल त्यासाठीच. कापून उरलेला डीएनए छोट्या वर्तुळाच्या रूपात पेशीत राहतो. त्याला ट्रेक म्हणतात. पुढे बाळांच्या तपासणीत तो कामी येतो.

थायमसमधल्या ९५ टक्क्यांहून जास्त पेशी मरतात, हे खरं आहे?

खरं आहे. जुळणी अंदाधुंद असल्यामुळे बहुतेक रिसेप्टर निकामी निघतात आणि काही धोकादायक. आधी रिसेप्टरचा बीटा साखळी हा भाग नीट बनला का, हे पाहिलं जातं. मग पेशीवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही येतात. उंदराच्या थायमसमध्ये कुठल्याही वेळी सुमारे ८० टक्के पेशी याच अवस्थेत असतात. थायमसच्या बाहेरच्या भागात, ज्यांचा रिसेप्टर आपल्या एमएचसीला थोडाही ओळखत नाही त्या जगण्याचा संकेत न मिळाल्याने तीन-चार दिवसांत मरतात. बहुतेक मरतात त्या इथेच. आतल्या भागात उलट होतं: आपल्याच प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या पेशी मारल्या जातात. इन्सुलिनसारखी प्रथिनं एरवी ठरावीक अवयवातच बनतात, पण थायमसच्या आतल्या अस्तरपेशी एआयआरई या जनुकाच्या मदतीने ती थोडी थोडी तिथेच बनवून दाखवतात. हे जनुक बिघडलेल्या मुलांमध्ये एकापाठोपाठ एक ग्रंथींवर स्वतःच्याच टी पेशींचा हल्ला होतो.

थायमसमध्ये पेशींना ‘शिकवलं’ जातं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते मान्य नाही. पेशीचा रिसेप्टर सुधारत नाही. तो चालला तर पेशी जगते, नाही तर जाते.

सीडी४ व्हायचं की सीडी८, हे कोण ठरवतं?

एमएचसीचे दोन वर्ग आहेत, रिसेप्टर त्यातल्या कुठल्या वर्गाला जुळतो त्यावर. दुसऱ्या वर्गाशी जुळला आणि संकेत टिकून राहिला तर थ-पॉक हे प्रथिन वाढतं आणि पेशी सीडी४ होते. पहिल्या वर्गाशी जुळला तर रंक्स३ वाढतं आणि ती सीडी८ होते. दोन्ही प्रथिनं एकमेकांना दाबतात.

२०२५ चं नोबेल याच विषयाचं होतं ना?

अगदी जवळचं. शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना ते मिळालं. थायमसच्या निवडीतून निसटलेल्या स्वविरोधी पेशींना बाहेर आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, आणि नियामक पेशींचं नियंत्रण त्याच्याकडेच असल्याचं पुढे दोनच वर्षांत स्पष्ट झालं.

वयानुसार थायमस आटतो, मग म्हाताऱ्या माणसांना टी पेशी मिळतात कुठून?

जन्मतः थायमस साधारण १०-१५ ग्रॅमचा असतो, वयात येताना ३०-४० ग्रॅमपर्यंत जातो आणि मग हळूहळू त्याची जागा चरबी घेते. पण आधी बनलेल्या टी पेशी वर्षानुवर्षं जगतात आणि शरीरात विभागून संख्या राखतात. कमी होते ती नव्या रिसेप्टरची भर. म्हणूनच नवा विषाणू वयस्करांना जास्त जड जातो. प्रौढपणीही थायमस अगदीच निकामी नसतो. छातीच्या शस्त्रक्रियेत तो काढलेल्या प्रौढांमध्ये पुढच्या पाच वर्षांत मृत्यू आणि कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं, असं अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात आढळलं. मायस्थेनिया (स्नायू कमजोर करणारा आजार) किंवा थायमसच्या गाठीसाठी तो काढायला सांगितला असेल तर मात्र यावरून घाबरून शस्त्रक्रिया टाळू नका. तिथे फायदा मोठा असतो.

बाळात टी पेशी तयारच झाल्या नाहीत तर?

हा प्रश्न आई-वडिलांनी नीट वाचावा. रॅग, आयएल-७चा रिसेप्टर, एडीए अशा एखाद्या जनुकात दोष असला तर टी पेशी घडत नाहीत. या आजारगटाला स्किड म्हणतात. पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात न जाणारा पांढरा बुरशीचा थर, वजन न वाढणं, ही लक्षणं. यातले बरेच दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच दिसतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे, त्यामुळे एकच दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते.

आपल्या देशात जन्मतःच बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओचा डोस देतात. दोन्ही जिवंत लसी. निरोगी बाळाला त्या हव्यातच, त्या चुकवू नका. पण आधीचं भावंड किंवा माहेरकडचा एखादा मुलगा तान्हेपणी संसर्गाने गेला असेल, तर ते प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. टी पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचा जंतू शरीरभर पसरू शकतो. साध्या सीबीसीतही खूण सापडते: तान्ह्या बाळात लिम्फोसाइट तीन हजारांच्या खाली असतील तर पुढची तपासणी मागा. कित्येक अहवालांत हा आकडा समोर असतो आणि कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे.

काही देशांत टाचेच्या रक्ताच्या थेंबातून ट्रेक मोजून प्रत्येक बाळाची चाचणी करतात. अमेरिकेत २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने सुरुवात केली. साडेतीन महिन्यांच्या आत मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जगली, असं अमेरिकेतली मोठी पाहणी सांगते. वेळेत कळण्यावर सगळं अवलंबून आहे.

गुळवेल, हळद, काढा घेऊन टी पेशी वाढतात का?

थायमसमध्ये त्या जास्त घडतात याचा पुरावा नाही. सांगलीची हळद जेवणात जरूर असू द्या. गुळवेल घेणाऱ्या काही जणांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायमसला खरोखर मारणारी गोष्ट म्हणजे कुपोषण. प्रथिनं, उष्मांक आणि जस्त कमी पडलेल्या मुलांचा थायमस आकसतो, आणि नीट खायला मिळाल्यावर पुन्हा भरतो. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांवरचा खर्च काढ्यावरच्या खर्चापेक्षा सार्थकी लागतो.

हे सगळं कळून रुग्णाला काय फायदा?

मुलांमधल्या टी पेशींच्या ल्युकेमियात निम्म्याहून जास्त वेळा नॉच-१ मध्ये बदल सापडतो, हे २००४ मध्ये कळलं. पेशीला टी बनवणारा संकेतच थांबायचं विसरतो. दुसरीकडे, परिपक्व टी पेशी काढून त्यांना नवा रिसेप्टर देणारी कार-टी उपचारपद्धती आता आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. आज प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढाव्या लागतात. मूळपेशींपासून बशीत टी पेशी घडवता आल्या तर त्या तयार ठेवता येतील, आणि त्यासाठी नॉच ते बीसीएल११बी हा सगळा रस्ता नेमका माहीत असावा लागतो.

साताऱ्यातून बीएस्सी करून या विषयात जाता येईल का?

येईल. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, दिल्लीत एनआयआय, बंगळुरूत आयआयएससी इथे इम्युनॉलॉजीचं काम चालतं. एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा बघा. त्याआधी फ्लो सायटोमेट्रीचा (एकेका पेशीवरची प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा) आलेख वाचायला शिका: आडव्या अक्षावर सीडी८, उभ्या अक्षावर सीडी४, आणि उजव्या कोपऱ्यात वर दाट ढग दिसला तर तो नमुना जवळपास नक्की थायमसचा. काचपट्टीसाठी रंग आणि सूक्ष्मदर्शक हवा असेल तर आपल्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. लीशमन रंग बहुतेक ठिकाणी असतोच.